गिरिजाक्का आणि दाराआडचे पाहुणे

मत्सर हा शब्द मला आवडत नाही, त्याला उगाच पोथीपुराणाचा वास येतो. पण गिरिजाक्काबद्दल मला जे वाटायचं आणि अजून वाटतं, त्याला दुसरा शब्द सापडत नाही. हेवा म्हणावं तर तो फारच सोज्वळ. शेजाऱ्याने नवी गाडी घेतली की आपल्याला वाटतो तो हेवा. माझं तसं नव्हतं. ती समोरून येताना दिसली की माझ्या पोटात दुखायचं, आणि ती रजेवर गेली की ऑफिसात करमायचं नाही. असं एकाच माणसाबद्दल एकाच वेळी का वाटावं, हे मी बायकोला एकदा विचारलं. ती म्हणाली, "तुला ती आवडते, आणि तिला बाकीचेही आवडतात. एवढंच आहे ते." बायकोला सगळं सोपं करून सांगायची खोड आहे.

आमची कंपनी म्हणजे बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गल्लीतला पहिला मजला. खाली स्प्रिंगांचा कारखाना, शेजारी पावडर कोटिंगवाला. दुपारी खालचं मोठं मशीन सुरू झालं की टेबलावरचे पेन आपोआप कडेला यायचे. माझे पुण्याचे मित्र इलेक्ट्रॉनिक सिटीत काचेच्या इमारतींत बसून तिथल्या कँटीनचे फोटो पाठवायचे, तेव्हा मी खिडकीतून भंगाराचा ट्रक रिकामा होताना बघत असायचो. आम्ही आसपासच्या लहान कारखान्यांना प्रोग्रॅम करून द्यायचो. वजनकाट्याला जोडलेला एक जुना संगणक, आणि त्यावर मालाची आवक, तपासणी, जावक यांच्या नोंदी. सगळं जग मोबाइलवर गेलं तरी हे काम संपलेलं नाही, कारण कारखान्यातल्या त्या कोपऱ्यात नेट पोचत नाही.

अशा प्रोग्रॅममध्ये प्रत्येक कामाची एक वेगळी चौकट पडद्यावर उघडते. आमच्या धंद्यात तिला फॉर्म म्हणतात. वजनाचा फॉर्म, तपासणीचा फॉर्म, जावकीचा फॉर्म. एकातून दुसऱ्यात जायचं, तिथलं काम उरकायचं आणि परत यायचं. ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटत होतं.

गिरिजाक्का मूळची निपाणीची, पण राहायची जयनगरला मोठ्या बहिणीकडे. रोज मेट्रोने पीण्याला यायची. पन्नाशीची, ठेंगणी, कॉटनच्या साडीवर बारा महिने स्वेटर. आली की चपला टेबलाखाली काढायची, मॉनिटरच्या रिकाम्या खोक्यावर पाय ठेवायची आणि दोन बोटांनी टाइप करायला लागायची. एंटरचं बटण ती असं हाणायची की खालच्या मशीनचा आवाज थोडा वेळ विसरायला व्हायचं. तिकडच्या बायकांसारखी "मी येतो, मी करतो" म्हणायची. विनय वगैरे भानगड तिच्याजवळ नव्हती. स्वतःचं काम चांगलं झालं की सगळ्यांना उठवून आपल्या खुर्चीमागे उभं करायची आणि म्हणायची, "बघा. असं करायचं असतंय."

ड्रॉवरमध्ये चिवड्याचा डबा. तो ती मुठीने वाटायची, आणि कोणाला किती हे तिच्या मर्जीवर. माझ्या वाट्याला कायम शेंगदाणे कमी यायचे. हा माझा भ्रम असेल असं आधी वाटलं, म्हणून मी इतरांच्या तळहातावर बघायला लागलो. भ्रम नव्हता.

पहिल्या दिवशी तिने विचारलं, "कुठला रे तू?"

"पुण्याचा."

"असू दे की," ती म्हणाली. "शिकशील."

तिची सगळ्यात विलक्षण सवय अशी की ती बोलणं सुरू करायचीच नाही, ते कायम पुढे चालू असायचं. सकाळी आल्यावर नमस्कार नाही, कसा आहेस नाही. काल संध्याकाळी ज्या वाक्यावर विषय तुटला असेल, तिथूनच. आमचे मालक शेट्टीसर जिन्यात भेटले की ही म्हणणार, "मग गुडघ्याला तेल लावून बघितलं काय?" कारण परवा त्यांनी बायकोच्या गुडघ्याचं सांगायला घेतलं होतं आणि मध्येच फोन आला होता. खालच्या स्प्रिंगवाल्याला, चहावाल्या अण्णाला, मेट्रोच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याला तिचा एकच कानडी शब्द असायचा, "आमेले?" म्हणजे मग पुढे? आणि तो माणूस खरोखर पुढचं सांगायला लागायचा. महिन्यापूर्वी अर्धवट राहिलेली जमिनीची तक्रार असो नाहीतर मुलीच्या लग्नाची बोलणी असोत, तिच्याकडे ते जिथल्या तिथे शिल्लक असायचं.

मला हे जमत नाही. मी माणसाला भेटलो की प्रत्येक वेळी नव्याने ओळख करून घेतल्यासारखं बोलतो. म्हणून तिचा तो "आमेले?" ऐकला की मला आधी कौतुक वाटायचं आणि मग लगेच राग यायचा.

आता माझ्या कामाचं सांगतो. कामाबद्दल तिची दाद द्यायची रीतही एकाच शब्दाची होती, "सरी." ठीक आहे, बरोबर आहे. एवढा एक शब्द. चहावाल्या अण्णाने नवी स्टीलची किटली आणली तर तिने उचलून बघून म्हटलं, "सरी." वायरमनने पंखा बसवला, "सरी." माझ्या कामावर मात्र ती मान तिरकी करून म्हणायची, "स्वल्प थांब." थोडं थांब. मी वर्षभर थांबलो. एका पंख्याला मिळालेली दाद मला मिळत नव्हती, आणि ती मिळवल्याशिवाय मी बंगळुरू सोडणार नाही असं मनाशी ठरवून टाकलं होतं. इलेक्ट्रॉनिक सिटीतून आलेलं एक बोलावणं मी याच पायी नाकारलं. मित्रांना मी वेगळं कारण सांगितलं.

पहिला धडा ओतकामाच्या एका कारखान्यात मिळाला. तिथे काट्यावर नंजप्पा नावाचे गृहस्थ बसायचे, मंड्याकडचे, गळ्यात मफलर, संगणकाचा मनस्वी तिटकारा. त्यांच्यासाठी मी पहिलाच प्रोग्रॅम केला होता. एका फॉर्ममधून दुसऱ्यात गेलं की पहिला मी लपवायचो आणि दुसरा दाखवायचो. परत यायचं झालं की पहिल्याचा नवा फॉर्म तयार करून उघडायचो. ऑफिसात झकास चाललं. तिथे बसवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नंजप्पांचा फोन. काटा चालत नाही.

गिरिजाक्का आणि मी गेलो. पडद्यावर काहीच उघडं नव्हतं. प्रोग्रॅम सुरू करायला गेलं की काटा दुसरं कोणीतरी वापरतंय असा संदेश. मी केबल काढून परत लावली, काट्याला दोष दिला, मग काटा बनवणाऱ्या कंपनीला. गिरिजाक्का शांतपणे स्टुलावर बसली आणि चालू असलेल्या प्रोग्रॅमांची यादी उघडून मला दाखवली. माझा प्रोग्रॅम त्यात होता. नंजप्पांनी संध्याकाळी दिसत होता तो फॉर्म बंद केला होता, पण मी लपवून ठेवलेले सगळे मागे जिवंत होते, आणि त्यांतला पहिला काटा धरून रात्रभर बसला होता.

"पाव्हणा गेला म्हणालास," गिरिजाक्का म्हणाली, "आणि हा बघ दाराआड उभा हाय. आपल्या घरचा तांब्या हातात घेऊन."

नंजप्पांना मराठी येत नाही, तरी ते हसले. तिने हाताने तांब्या धरून दाखवला होता ना.

मी चिडलो आणि दुसरं टोक गाठलं. आता लपवणं नाहीच. एका फॉर्ममधून दुसऱ्यात गेलं की पहिला साफ बंद. आठवड्याने परत नंजप्पांचा फोन, आणि या वेळी ते अक्कालाच बोलले. वजनाची नोंद अर्धी भरली होती, तेवढ्यात तपासणीवाल्याने हाक मारली म्हणून ते तपासणीच्या फॉर्मात गेले, परत आले तर वजनाचा फॉर्म कोरा. सगळं पुन्हा भरा. दिवसातून असं कितीदा तरी होणार, कारण कारखान्यात एक काम सलग कोणीच करू देत नाही.

"आता पाव्हणा जेवत होता," गिरिजाक्का मला म्हणाली, "नुसता हात धुवायला उठला. तू ताट उचललास."

"मग करायचं काय? लपवायचं नाही, बंद करायचं नाही!"

"विचारायचं. त्याचं काम झालंय काय? झालं नसंल तर त्याचं ताट तसंच ठेवायचं, परत आला की तिथंच बसवायचं. झालं असंल तर दारापर्यंत जाऊन निरोप द्यायचा आणि दार लावायचं. अन् यजमान एकच. सगळे त्याच्याच घरात येणार, त्याच्याच घरातनं जाणार. यजमान झोपला की दिवे बंद." मग तिने चिवड्याचा डबा उघडला. "एवढंच असतंय रे. माणसं उगाच अवघड करतात."

म्हणजे एक मुख्य फॉर्म कायम उभा, बाकीचे त्याच्या आत. अर्धवट काम असलेला फॉर्म जसाच्या तसा राखायचा, संपलेला पुरता मिटवायचा. हे मी पुस्तकांतही वाचलं होतं. पण वाचलेलं मला नंजप्पांच्या खुर्चीत बसवता आलं नव्हतं, आणि तिला आलं होतं. त्याचाही मला राग आला.

मधल्या काळात मी तिच्यासारखं वागायचा एक प्रयत्न केला, तोही सांगून टाकतो. नंजप्पांची मुलगी नर्सिंगची परीक्षा देत होती हे मी अक्काच्या बोलण्यातून ऐकलं होतं. पुढच्या भेटीला एकटाच गेलो, तेव्हा घोकून नेलेल्या कानडीत म्हटलं, "मगळ परीक्षा? आमेले?" नंजप्पा चहाचा पेला खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला. "अक्का केळिद्रा?" त्यांनी विचारलं. अक्काने विचारलंय का? आणि मुलगी पास झाल्याची सगळी हकीकत त्यांनी मला अक्काचा निरोप्या समजून सांगितली. वर म्हणाले, नीट सांगा हं अक्काला. मी नीट सांगितलं. दुसरं काय करणार?

मग एक दिवस गिरिजाक्काने जाहीर केलं की ती चालली. बेळगावात एका कॉलेजात शिकवायला बोलावलं होतं. "चार पोरं बिघडवून बघतो," म्हणाली. मला आधी वाटलं ते असं, की सुटलो. आणि लगेच वाटलं ते असं, की त्या पोरांना आता शेंगदाणे मिळणार.

जाण्याआधी तिने शेट्टीसरांना सांगून नंजप्पांचा प्रोग्रॅम पुन्हा मुळापासून माझ्याकडून करून घेतला. मुख्य फॉर्म माझा. तिने हात लावला नाही, फक्त अधूनमधून खुर्चीमागे येऊन उभी राहायची आणि म्हणायची, "स्वल्प थांब." तिच्या शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही तो कारखान्यात बसवला. नंजप्पांनी वजन लिहायला घेतलं, आणि ठरवून केल्यासारखी तपासणीवाल्याने हाक मारली. ते तपासणीच्या फॉर्मात गेले, तिथून जावकीच्या, फोनवर कोणाशी तरी भांडले, मफलर सारखा केला आणि परत वजनावर आले. अर्धवट लिहिलेला आकडा जागेवर होता. नुसता आकडाच नाही, तर जिथे लिहायचं राहिलं होतं त्याच रकान्यात खूण लुकलुकत होती. पाळी संपल्यावर त्यांनी प्रोग्रॅम बंद केला. मी चालू प्रोग्रॅमांची ती यादी उघडून बघितली. दाराआड कोणी नव्हतं.

"सरी," नंजप्पा म्हणाले.

मी गिरिजाक्काकडे बघितलं. ती नंजप्पांच्या मुलीला आता नोकरी कुठे मिळेल ते बोलत होती.

संध्याकाळी मी तिची बॅग घेऊन जालहळ्ळी क्रॉसला गेलो. बेळगावच्या बसगाड्या तिथे थांबतात. फ्लायओव्हरखाली धूळ, मेट्रोचा खडखडाट, रिक्षावाल्यांची हाकाटी. मला मागितलेली दाद नको होती. पण बस यायची वेळ झाली तसा माझा धीर सुटला.

"अक्का, आजचं काम कसं वाटलं?"

ती माझ्याकडे वळली. स्वेटरचं वरचं बटण लावलं. "सांगू काय तुला? तुझ्या कामात आता..."

आणि बस आली. कंडक्टरने बॅग हिसकून डिकीत टाकली, मागच्या गाड्यांनी हॉर्नचा एकच कल्लोळ केला, गिरिजाक्काला कोणीतरी दंडाला धरून वर ओढलं. खिडकीत तिचा हात दिसला. तो मला होता की रिक्षावाल्याला, देव जाणे. रिक्षावाल्याशीही तिचं काहीतरी अर्धवट होतं.

मी हताश झालो असं वाटेल, पण उलट मी खूश होतो. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच माझं तिच्याशी बोलणं मध्ये तुटलं होतं. म्हणजे मीही आता त्या लोकांत जमा झालो, ज्यांना पुढच्या भेटीत पुढचं वाक्य मिळतं. मी फोनची वाट बघायला लागलो. फोन यायचे. शेट्टीसरांना आला, गुडघ्यासाठी बेळगावातल्या एका वैद्याचा पत्ता द्यायला. नंजप्पांना आला, चहावाल्या अण्णाला आला. अण्णा मला सांगायचा, अक्काने किटलीची चौकशी केली. किटलीची!

मीच का नाही केला फोन, असं बायकोने विचारलं. मी केला असता तर ते माझं सुरू करणं झालं असतं. मला तिचं पुढे चालू हवं होतं. हे बायकोला समजावून सांगता आलं नाही.

यंदा गौरीच्या आदल्या दिवशी आम्ही खरेदीला जयनगरला गेलो होतो. बायको साड्यांच्या दुकानात शिरली आणि मी फुलांच्या ओळीपाशी थांबलो. केळीचे खांब, शेवंतीचे ढीग, पाय ठेवायला जागा नाही. आणि एका टोपलीसमोर तोच स्वेटर.

"अक्का!"

ती वळली. मनापासून हसली. केस जास्त पांढरे झाले होते. "अरे! मंदारा! कसा आहेस? कधी आलास? जेवलास काय?"

ऐकून माझा चेहरा उतरला. कसा आहेस. कोऱ्या फॉर्मासारखं, पहिल्या रकान्यापासून. गणपतीला बहिणीकडे आल्याचं तिने सांगितलं, माझ्या बायकोची चौकशी केली, बेळगावची पोरं हुशार आहेत म्हणाली. मी हं हं करत होतो. शेवटी राहवेना.

"अक्का, त्या दिवशी बसपाशी तू काहीतरी म्हणत होतीस. 'तुझ्या कामात आता...' आणि बस आली."

"व्हय?" ती कपाळाला आठ्या घालून विचार करायला लागली. "आठवत नाही बघ. काय म्हणत असणार?"

"तुला नंजप्पांची मुलगी आठवते, अण्णाची किटली आठवते. माझं तेवढं नाही आठवत?"

आवाज माझ्या मनापेक्षा मोठा निघाला. फुलवालीने वर बघितलं. तेव्हा गिरिजाक्काला कळलं. तिला कळलं हे मला तिच्या तोंडावर दिसलं.

"खुळाच हाईस," ती म्हणाली. "त्यांचं राहिलंय म्हणून धरून ठेवलंय. तुझं झालं की रे. त्या दिवशीच झालं. झालेलं मी कशाला उघडं ठेवू? मी दार लावतो."

ज्याच्यासाठी मी या शहरात थांबलो होतो ते मला भर बाजारात मिळालं होतं. तिने माझ्या दंडावर थोपटलं, "येत जा बेळगावला," म्हणाली, आणि मागे वळून टोपलीजवळ वाकली. बहिणीकडे राहत असताना ती याच फुलवालीकडून रोज गजरा घ्यायची. मध्ये वर्ष उलटून गेलं होतं.

"हां," गिरिजाक्का म्हणाली, "सोसे मने बिट्ट होदळु. आमेले?"

सून घर सोडून गेली, मग पुढे? आणि ती बाई हातातला धागा खाली न ठेवता पुढचं सांगायला लागली. काल संध्याकाळीच बोलणं थांबलं असावं तशी.

बायकोने लांबून हाक मारली तरी मी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. "तुझं झालं की रे" हे कानात घोळत होतं, आणि ते मला हवं होतं तेच होतं. पण खरं सांगतो, त्या फुलवालीने अदलाबदल करू म्हटलं असतं, तर मी ते तिथल्या तिथे देऊन तिच्या वाट्याचा "आमेले?" घेतला असता.